झाडू घे

पडद्यावर ओळ आली. झाडू घे.

मी ती दोनदा वाचली. मी चौथी शिकलेली बाई. एकदा वाचून माझा कशावरही विश्वास बसत नाही. दुसऱ्यांदाही तेच होतं. झाडू घे.

त्याआधी त्या कॉम्प्युटरनं मला दोन प्रश्न विचारले होते. नाव काय? राहणार कुठं? मी एकेक अक्षर शोधून माझं नाव लिहिलं. मग लिहिलं, भिलाटी. आमच्या खानदेशात गावाच्या कडेला भिल्लांची वस्ती असते, तिला भिलाटी म्हणतात. माझ्याआधी बाकीच्यांनी आपापली नावं आणि गल्ल्या लिहिल्या होत्या. मोठी गल्ली. बाजार गल्ली. त्यांना उत्तर आलं होतं, या, बसा, तुमचं स्वागत आहे. मला हे आलं.

आधी एक पोरगी हसली. मग सगळी खोली. मागून कोणीतरी म्हणालं, "देख व डोकरी, मशीनलेबी माहीत शे तू कोन शे ती." शिकवणारा सर टेबलाला टेकून उभा होता. तोही हसत होता, पण तोंड मिटून. म्हणजे आपण हसलोच नाही असं नंतर म्हणता यावं.

आणि मी उठले. कोपऱ्यात गेले. झाडू उचलला.

हाताला सांगावं लागलं नाही. तो शब्द पुढं आला की माझा हात आपोआप निघतो, आयुष्यभर निघत आलाय. झाडू हातात आल्यावर मला कळलं की तो हातात आहे. तेव्हा खोली पुन्हा हसली. या वेळी सरनं तोंड मिटलं नाही.

घरात आमची भिली. मोठ्या गल्लीशी अहिराणी. कागदावर मराठी. तिन्ही भाषांत मला आधी शिव्या कळल्या, बाकीचं नंतर. ही मशीनची चौथी भाषा. तिच्यातही सुरुवात तशीच झाली.

मी तिथं कशी बसले ते सांगते. शहादा तालुक्यात आमचं गाव. ग्रामपंचायतीच्या मागं एक खोली आहे. बाहेरच्या कुठल्या तरी संस्थेनं तिथं कॉम्प्युटर आणून ठेवले आणि फुकट क्लास सुरू केला. फुकट म्हटलं की मी आधी दार बघून ठेवते, पळायची वेळ आली तर असावं म्हणून. खोली झाडायचं काम माझं. चावीही माझ्याकडं. सर म्हणजे मोठ्या गल्लीतल्या एका केळीवाल्या बागाईतदाराचा मुलगा, शहरात शिकून आलेला. त्याच्या बापाच्या शेतात मी कापूस वेचलाय. सगळे त्याला सर म्हणतात म्हणून मीही म्हणते.

संस्थेची अट होती, गावातल्या प्रत्येक वस्तीतलं कोणीतरी क्लासात पाहिजे. भिलाटीतलं कोणी नव्हतं. कोणी बोलावलंच नव्हतं. म्हणून एका सकाळी मी खोली झाडत होते तेव्हा सर म्हणाला, "डोकरी, तुन्हं नाव टाकी देस. बसानी गरज नही. फक्त फोटोले ये."

मी म्हटलं, नाव टाकशील तर बसेन. तो हसला. त्याला वाटलं म्हातारी एक दिवस बसेल, दुसऱ्या दिवशी तिचे पाय दुखतील. माझे पाय रोजच दुखतात. दुखत दुखतच ते इथवर आलेत.

बसण्यामागं माझं कारण होतं. माझी नात रमिला नववीत आहे. तिला या क्लासात जायचं होतं. तिच्या मागं भिलाटीतल्या आणखी पोरी होत्या. मी त्यांना थोपवून धरलं होतं. मोठी गल्ली काही फुकट देते तेव्हा नंतर काय मागते हे मी बघितलंय.

आम्ही ऊसतोडीला गुजरातेत जायचो. तोडणीच्या मुक्कामाला पडाव म्हणतात. नव्या पडावावर झोपड्या टाकल्या की पाणी मिळेल ते असायचं. कधी कॅनॉलचं, कधी शेतातल्या डबक्याचं, कधी कोणाच्या पडक्या विहिरीचं. ते पाणी आधी पोरांना द्यायचं नाही. आधी म्हातारं माणूस पिणार. ते दुसऱ्या दिवशी धड उठलं तर पोरांनी प्यायचं. माझ्या सासूनं असं पाणी प्यायलं. तिच्यानंतर माझी पाळी आली. याचं कोणी कौतुक करत नाही. म्हाताऱ्यांचं ते कामच असतं. तर मी रमिलाला म्हटलं, थांब. आधी मी पिऊन बघते.

आणखी एक कारण होतं, ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. रेशनच्या दुकानात अंगठ्याचं मशीन आहे. माझा अंगठा त्यावर उमटत नाही. ऊस आणि कापूस यांनी तो गुळगुळीत करून टाकलाय. दुकानदार म्हणतो, मी काय करू, मशीन नाही म्हणतंय. मी त्या मशीनकडं बघत राहायचे. काळं, हाताएवढं. ते नाही म्हणतं म्हणजे कोण नाही म्हणतं? आत कोण आहे? हे मला बघायचं होतं.

क्लासात चहा मिळायचा. सगळ्यांना सारख्या कागदी कपात. रमिलाला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, बघ आजी, आता कप वेगळा नाही. शेतावर आमचा कप गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात असायचा. आपणच धुवायचा, आपणच पालथा घालायचा. मी तिला म्हटलं, पिऊन फेकायचा कप कोणालाही देता येतो. तो कोनाडा कुठं गेला ते मला अजून सापडलेलं नाही.

मग तो पडद्यावर सापडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी झाडायला गेले तेव्हा सर लवकर आला होता. वर्गात तो मराठी बोलायचा, माझ्याशी एकट्यात अहिराणी. म्हणाला, "राग नको धरू व. तुन्हा नाववर गंमत करी व्हती. आठे तूच झाडस ना, म्हनीसन. काढी टाकसू मी ते."

मी मान हलवली. मान हलवली म्हणजे हो म्हटलं असं नाही. मोठ्या गल्लीतलं माणूस माफी मागायला लागलं की मी आधी कमरेची पिशवी चाचपून बघते. आजवर तिथल्या कोणी माफी मागितली नव्हती. याला काय झालं?

पण बोलता बोलता त्यानं एक गोष्ट सांगून टाकली होती. गंमत केली म्हणाला. म्हणजे मशीन बोललं नव्हतं. माणसानं बसून लिहिलं होतं, आणि मशीननं वाचून दाखवलं. मी दिवसभर तेवढंच घोळवत राहिले. मशीन कोणाला ओळखत नाही. कोणाला काय बोलायचं ते त्याला आधी लिहून द्यावं लागतं.

मी क्लास सोडला नाही. रमिलाला झाला प्रकार सांगितलाही नाही. इंग्रजी अक्षरं तेवढी तिच्याकडून शिकून घेतली. ती चुलीजवळ बसून पाटीवर काढून द्यायची, मी गिरवायची. तिला वाटायचं आजीला हौस आली. हौस कसली? मला आतली ओळ बघायची होती.

शब्द थोडेच होते. प्रिंट म्हणजे पडद्यावर दाखव. इनपुट म्हणजे विचार. इफ म्हणजे जर. एल्स म्हणजे नाहीतर. जी गोष्ट पडद्यावर दाखवायची ती कंसात आणि अवतरणात घालायची. जरची ओळ संपली की एकावर एक दोन टिंबं द्यायची. आणि जरच्या खालची ओळ थोडी आत सरकवून लिहायची. आत सरकवली नाही तर चालत नाही. सरनं हे सांगितलं, का ते सांगितलं नाही. मला विचारावं लागलं नाही. ती ओळ जरच्या ताब्यातली असते. जर खरं निघालं तरच तिनं बोलायचं. नाहीतर गप्प बसून राहायचं. अशी मी लोकांच्या ओट्याखाली पुष्कळ बसलेय.

कंस बंद करायचा राहिला की लाल अक्षरं यायची. मला यायची तशीच मोठ्या गल्लीतल्या पोरालाही यायची. पहिल्यांदा मला ते बरं वाटलं. मग मी स्वतःला बजावलं, बरं वाटून घेऊ नको. तराजूही सगळ्यांना एकच असतो. काटा मारणारा हात वेगळा असतो.

काही दिवसांनी सरनं सांगितलं, तो पहिला स्वागताचा प्रोग्रॅम उघडा, आत जा, आणि त्यातले शब्द बदलून आपले शब्द घाला. सगळ्यांनी उघडला. पटापट बदलायला लागले. कोणी सिनेमातले शब्द घातले, कोणी मित्राला चिडवलं. खिदळणं सुरू झालं.

मी काही बदललं नाही. मी वाचायला घेतलं. पडद्यावर बोट ठेवून, शाळेत धडा वाचायचे तसं.

झाडू घे तिथंच होतं. काढून टाकतो म्हणाला होता, काढलं नव्हतं. विसरला असेल. ज्याला लागत नाही तो विसरतो. किंवा म्हातारी आत उतरून वाचेल असं त्याच्या डोक्यात आलं नसेल. तीच गोष्ट.

वर दोन ओळी विचारायच्या होत्या. एक नाव विचारणारी, एक वस्ती विचारणारी. त्यांच्याखाली जर. मी जरच्या पुढं माझं नाव शोधलं. नव्हतं. वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. माझं नाव कुठंच नव्हतं. नाव विचारलं होतं ते नुसतं विचारायचं म्हणून, पुढं त्याचं काहीच केलेलं नव्हतं. जरच्या पुढं मराठीत एकच शब्द होता. भिलाटी.

जर वस्ती भिलाटी असेल तर. खाली, आत सरकवून, झाडू घे. नाहीतर, या, बसा.

म्हणजे गंमत माझी नव्हती. मी ती खोली झाडते म्हणूनही नव्हती. मी कधी तिथं पाऊल टाकलं नसतं तरी ती ओळ आत बसून वाट बघत राहिली असती. रमिला आली असती. तिनं आपलं नाव लिहिलं असतं, मग भिलाटी लिहिलं असतं, आणि तिलाही तेच आलं असतं. तिच्या मागून येणाऱ्या पोरीलाही तेच.

माझा अपमान मी गिळला होता. पुष्कळ गिळलेत, त्यात एक. पण हा एकट्या माझा नव्हता. दुसऱ्याच्या वाटचा मी कशी गिळणार?

मी म्हटलं, सर, आठे ये.

तो आला. माझ्या बोटाखालची ओळ बघितली. वर्गातल्या मराठीत म्हणाला, अरे, हे राहिलं वाटतं, डिलीट करतो. माझ्या खांद्यावरून त्यानं हात पुढं घातला. मी त्याचं मनगट धरलं.

"पुसू नको," मी म्हटलं. "तू आठे बठ. तुन्हं नाव लिख. मंग भिलाटी लिख."

"मी कसाले लिखू?"

"काय उत्तर येस ते देखाले."

"माले माहीत शे काय येस."

"मालेबी माहीत शे. जलमपासीन."

मी मनगट सोडलं. खुर्चीतून उठून बाजूला झाले, त्याला बसायला जागा केली. तो बसला नाही. कळा समोर होत्या. एक शब्द लिहायचा होता, आणि तो शब्द त्यानं आधी एकदा लिहिलेला होता. बोट पुढं गेलं नाही. त्या दिवशी सगळ्यांत आधी हसलेली पोरगी उठून आली, माझ्या पडद्यावरची ओळ वाचली आणि आपल्या जागी जाऊन बसली. तिला लाज वाटली की भीती, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. लाजेवरही माझा लगेच विश्वास बसत नाही.

मग सरला राग आला. उशिरा आला, पण आला. त्याच्या बापाला येतो तसाच, आधी कान लाल होतात.

"उद्यापासीन झाडाले येवू नको," तो म्हणाला. "आनि तुमन्या पोरीस्ना नाव आठे कोन लिखस, तेबी देखस मी."

ही धमकी मला अपेक्षित होती. धमकी आली की मला जरा मोकळं वाटतं. माफीपेक्षा ती खरी असते.

मी कमरेची चावी सोडली आणि त्याच्या टेबलावर ठेवली. "हाई चावी," मी म्हटलं. "झाडू कोपरामा शे. तठेच ऱ्हाई."

सगळे दाराकडं बघायला लागले. मी आता तिथून बाहेर जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. आम्ही असंच जातो, मान खाली घालून, दार हळू लावून. मी खुर्ची ओढली आणि परत बसले. झाडायचं काम त्यानं दिलं होतं, त्यानं काढून घेतलं. खुर्ची त्याची नव्हती. भिलाटीचं नाव त्याला क्लासात पाहिजे होतं, फोटोपुरतं. ते नाव आता खुर्चीत बसलं होतं आणि त्याला उठवता येत नव्हतं. उठवलं असतं तर संस्थेला काय सांगणार होता?

त्याची ओळ मी तशीच ठेवली. नव्या पानावर उतरवून घेतली, आणि तिथं जर काढून टाकला. नाहीतरही काढला, त्याच्या ताब्यातलं या, बसाही काढलं. प्रश्न काढले. उरलेली ओळ चालवून बघितली. लाल अक्षरं आली. मला कळेना काय चुकलं. पुष्कळ वेळ बघत बसले. कोणाला विचारायचं नव्हतं. मग दिसलं. जर गेला होता, पण त्याच्या खालची ओळ अजून तशीच आत सरकून बसली होती. तिच्यावर कोणी नव्हतं, तरी ती कोणाच्या तरी ताब्यात असल्यासारखी. मी तिला बाहेर ओढली, पार पानाच्या कडेपर्यंत. झाडू घे खोडलं आणि त्या जागी लिहिलं, हे कोणी लिहिलं?

चालवलं. चाललं. आता ते नाव विचारत नाही, वस्ती विचारत नाही. कोणीही चालवलं तरी तेवढंच येतं. हे कोणी लिहिलं?

संध्याकाळी सरचा बाप मोटारसायकलवर भिलाटीच्या कडेपर्यंत आला. गाडीवरून उतरला नाही, गाडी बंदही केली नाही. म्हणाला, "जाऊ दे व, पोऱ्या शे. तू बी इतली म्हतारी, आनि मशीनसंगे भांडस."

मी म्हटलं, "मशीनसंगे नही. लिखणारासंगे."

तो काही तरी पुटपुटला. गाडीच्या आवाजात ऐकू आलं नाही. गाडी चालू का ठेवली होती ते मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी रेशनच्या दुकानात गेले तर दुकानदार म्हणाला, मशीन नाही म्हणतंय, बाजूला हो. मी बाजूला झाले नाही. मी म्हटलं, मशीन काही म्हणत नाही. अंगठा उमटला नाही तर धान्य देऊ नको, हा जर त्यात कोणी लिहिला त्याचं नाव सांग. त्याला माहीत नव्हतं. त्यानं कधी विचारलंच नव्हतं. त्या दिवशी मला धान्य मिळालं नाही. पुढच्या वेळीही कदाचित मिळणार नाही. मी विचारणार. रांगेतल्या बायका आधी माझ्यावर करवादल्या, मग त्यातली एक दुसरीला म्हणाली, डोकरी म्हणते ते विचार ना त्याला.

रमिलाला त्या रात्री जेवताना सगळं सांगितलं. झाडू उचलला होता तेही सांगितलं. तिनं हातातला घास ताटात ठेवला. मग विचारलं, पाणी कसं आहे, आजी?

मी म्हटलं, खराब आहे.

तिचं तोंड उतरलं. पडावावर पाणी खराब निघालं की आम्ही दोनच गोष्टी करायचो. पडाव हलवायचा, नाहीतर विहीर उपसायची. पडाव मी जन्मभर हलवला. गुजरातेच्या वाटेवरच्या विसरवाडीच्या नाक्यावरून पोरं, भांडी आणि कोयते ट्रकमध्ये टाकून किती हिवाळे गेले त्याला गणती नाही. आता हलवायचा नाही. मी तिला म्हटलं, खराब आहे म्हणूनच तू येणार आहेस. तू आणि त्या बाकीच्या पोरीही. नाव लिहून घेत नाही म्हणाला तर दारात बसायचं. आत मी आहेच. आणि पडद्यावर या, बसा असं आलं तरी हरखून जायचं नाही. आधी आत उतरून बघायचं, जर कुठं आहे आणि त्याच्या पुढं कोण आहे. बसायचं नंतर.

तेव्हापासून ती खोली कोणी झाडलेली नाही. झाडू कोपऱ्यात आहे. पोरं धुळीतून येतात, धुळीत बसतात. कळ दाबली की बोटाला माती लागते, मोठ्या गल्लीच्या बोटालाही. सर रोज त्या झाडूकडं बघतो, मग माझ्याकडं बघतो. मी पडद्याकडं बघते.

मी भिलाटीतली बाई. चौथी शिकलेली, ऊस तोडलेली, अंगठा झिजलेली. झाडू घे, ही ओळ मला आली होती.